पंचगंगा: घाट झाडून झाला, आता वही मागायची

रंकाळावेस

मंडळी,

गेली अकरा वर्षं महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दहा-पंधरा जण कोल्हापुरातला पंचगंगा घाट झाडायला जातो. निर्माल्य, प्लॅस्टिक, जुन्या तसबिरी, फाटक्या गोधड्या, द्रोण-पत्रावळ्या. सकाळी नऊपर्यंत ट्रॉली भरते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेवढीच भरते. या कामाचा मला कधी कंटाळा आला नाही, आणि ते थांबवा असं सांगायला हा धागा काढलेला नाही.

पण मागच्या उन्हाळ्यात जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही. नदीला मिळणाऱ्या नाल्यांवर बांध घालून सांडपाणी अडवतात आणि तिथून पंपाने उचलून शुद्धीकरण केंद्राकडे नेतात. अशाच एका बांधाजवळ मी उभी होते. दुपारी वीज गेली, पंप बंद पडले. अर्ध्या-पाऊण तासात पाणी बांधाच्या माथ्यावर आलं आणि पांढरा फेस घेऊन सरळ नदीत उतरलं. आमच्या अकरा वर्षांच्या ट्रॉल्या मी मनातल्या मनात तराजूच्या एका पारड्यात टाकल्या आणि ती एक दुपार दुसऱ्या पारड्यात. आमचं पारडं वरच राहिलं.

त्या दुपारची नोंद कुठल्या वहीत झाली का? झाली असेल, तर ती वही मला, तुम्हाला, खाली शिरोळ तालुक्यात हेच पाणी शेताला आणि जनावरांना वापरणाऱ्याला बघता येते का? हा धागा त्या वहीसाठी आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांची पंचगंगा होते. पाचवी सरस्वती, ती गुप्त मानतात. प्रयाग चिखलीच्या संगमापासून नृसिंहवाडीत कृष्णेला मिळेपर्यंत अंतर जेमतेम ८० किलोमीटर. एवढ्याशा वाटेवर कोल्हापूर, इचलकरंजी, साखर कारखाने, कापडाचे प्रोसेस, म्हणजे कापड धुणारे-रंगवणारे कारखाने, आणि काठावरची कितीतरी गावं. नदी लहान आणि तिच्यावरचा भार मोठा.

यावर आपण शोधलेला उपाय मला फार काळजीचा वाटतो. कोल्हापूरने काळम्मावाडी धरणातून ५० किलोमीटरहून लांब थेट पाइपलाइन आणली. इचलकरंजीने आधी कृष्णेचं पाणी आणलं, मग वारणेकडे पाहिलं, तिथे दानोळीकरांनी विरोध केला. मग दूधगंगेवरचं सुळकूड. तिथे कागलच्या बाजूने विरोध. शहरांना स्वच्छ पाणी मिळायलाच हवं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण शहर एकदा दुसऱ्या नदीचं पाणी पिऊ लागलं की स्वतःच्या नदीसाठी भांडणारे कमी होतात. उरतात ते खालच्या गावांतले लोक, आणि ते आपल्या महापालिकेचे मतदार नसतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ साली देशातले प्रदूषित नदीपट्टे मोजले. एकूण ३११ निघाले, त्यातले ५५ आपल्या राज्यात. इतके दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाहीत.

तर माझी मागणी एवढीच: प्रत्येक सांडपाणी केंद्राने रोज किती पाणी आलं, किती शुद्ध होऊन गेलं, किती तसंच नदीत गेलं आणि पंप किती तास बंद होते, हे चार आकडे केंद्राच्या फाटकावर आणि संकेतस्थळावर लावावेत. त्यासाठी धोरण काय लागेल, कुठल्या कायद्याचा आधार मिळेल, हे जाणकारांनी सांगावं.

---

काळीमाती

ताई, आमी शिरोळ तालुक्यात पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला ऱ्हातो. तुमी फेस बगितला, आमी त्याचं पुढचं बगतो. उन्हाळ्यात पाणी काळंशार हुतंय. आदी मासं वर तोंड काढून हुबं ऱ्हात्यात, मग दोन दिसांत बंधाऱ्याला खच पडतो. वास असा की पिकात पाणी पाजायला गेल्याला माणूस तोंडाला फडकं बांधतोय. मग वरनं पाणी सोडत्यात, जलपर्णी आनि मेल्यालं मासं फुडं वाहून जात्यात आनि कागदावर नदी सवच्छ हुती.

२०१९ ला आनि २०२१ ला म्हापुरात हीच नदी आमच्या घरात आली. तवा तिच्यावर राग न्हाई आला, पावसाचं पाणी हाय म्हणायचं. राग येतो तो फेब्रुवारी-मार्चला.

पर मला सांगा, फाटकावर आकडं लावल्यानं मासं जगत्यात व्हय?

---

रंकाळावेस

दादा, आकड्याने मासा जगणार नाही. पण आज तुमच्याकडे मासे मेले की वरचे सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. शहर म्हणतं कारखाने, कारखाने म्हणतात प्रोसेस, प्रोसेसवाले म्हणतात शहराचं सांडपाणी. त्या आठवड्याची वही समोर असेल तर निदान एकाला तरी मान खाली घालून उत्तर द्यावं लागेल.

---

फ्लोमीटर

मी दुसऱ्या जिल्ह्यात सांडपाणी केंद्र चालवण्याच्या कामात बारा वर्षं आहे. मागणी योग्य आहे, पण आकडे कुठले मागायचे ते नीट ठरवा.

केंद्रात सगळ्यात जास्त वीज खातात ते ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारे मोठे पंखे. त्या हवेवर जिवाणू जगतात आणि ते जिवाणू घाण खातात. वीजबिल वाढलं की पहिली कात्री लागते ती ब्लोअरच्या तासांना. वरून बघणाऱ्याला केंद्र चालू दिसतं, पाणी येतं, पाणी जातं, पण मधलं काम झालेलं नसतं. म्हणून पंपाच्या तासांबरोबर ब्लोअरचे तासही मागा आणि महिन्याचं वीजबिलही. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या कागदांत वीजबिल सर्वात खरं बोलतं.

दुसरं, बीओडीचा आकडा. जिवाणूंना घाण पचवायला किती प्राणवायू लागतो, याचं ते माप. आपल्याकडे नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवून ते काढतात. त्यामुळे आज फलकावर लागलेला आकडा तीन दिवसांपूर्वीच्या पाण्याचा असतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मात्र जागेवर, मिनिटात मोजता येतो. केंद्राच्या खाली दोनशे मीटरवर नदीतला प्राणवायू रोज मोजून लावा. अंघोळीच्या पाण्यात तो लिटरला ५ मिलिग्रॅम तरी असावा असं मानक आहे. आकडा घसरू लागला की मासे तोंड वर काढतात. काळीमातींनी लिहिलंय ते अगदी तसंच घडतं. हा आकडा त्यांना दोन दिवस आधी कळला, तर वरून पाणी सोडण्याची मागणी मासे मरायच्या आत करता येईल.

आणि एक कटू गोष्ट. २०१७ च्या अधिसूचनेत शुद्ध केलेल्या सांडपाण्यासाठी बीओडीची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम ठेवली, महानगरांना २०. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ती १० करायला सांगितली. अंघोळीच्या नदीसाठी मात्र हवी ३ किंवा त्याहून कमी. म्हणजे केंद्र नियमात चाललं तरी नदी नियमात बसेलच असं नाही. पावसाळ्यात भरपूर पाणी असतं, फरक पडत नाही. एप्रिलमध्ये पात्रात या शुद्ध सांडपाण्याशिवाय दुसरं पाणीच फारसं नसलं, तर ते मिसळणार कशात? म्हणून केंद्राचं पाणी नदीत न सोडता वापरायला देण्याचं धोरण हवं. नागपूरने भांडेवाडीचं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिलं, ते आपल्याच राज्यातलं उदाहरण. २०१६ च्या केंद्र सरकारच्या वीजदर धोरणात तर ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी हे पाणी घेणं बंधनकारकच केलंय. तुमच्याकडे वीजकेंद्र नसेल, पण कापडाला पाणी लागतंच की.

---

ताणाबाणा

शेवटच्या वाक्यासाठी फ्लोमीटर यांचे आभार. मी इचलकरंजीचा, घरात तीन पिढ्या यंत्रमाग आणि सायझिंग, म्हणजे सुताला खळ लावणं.

२०१२ चा उन्हाळा माझ्या गल्लीत कुणी विसरलेलं नाही. काविळीची साथ आली. आमच्या शेजारच्या घरातली पहिलटकरीण गेली. गरोदर बाईला ही पाण्यातली कावीळ किती जिवावर बेतते, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यामुळे गावाला पाण्याची पर्वा नाही असं कुणी म्हणू नये.

पण प्रोसेसवाल्यांची बाजूही ऐका. मासे मेल्याची बातमी आली की नोटिसा निघतात, वीज तोडली जाते, आठ-पंधरा दिवस कामगार घरी बसतो. मग पुन्हा सगळं सुरू, नळी तीच, पाणी तेच. शिक्षा होते ती रोजंदारीवाल्याला. लहान प्रोसेसला स्वतःचं पूर्ण शुद्धीकरण परवडत नाही, हे खरं आहे. सगळ्यांचं मिळून एक सामायिक शुद्धीकरण केंद्र हाच रस्ता. तिथे प्रत्येकाच्या नळीवर मीटर, जेवढं पाणी तेवढं बिल आणि रात्री टँकरने ओढ्यात सोडणाऱ्याला दया नाही. शुद्ध झालेलं पाणी आम्हालाच स्वस्तात परत द्या, आम्ही घेऊ. दूधगंगेचं पाणी पिण्यापुरतं मागू, कापड धुवायला नको. असं लेखी धोरण झालं तर सुळकूडच्या माणसाशी बोलतानाही आमच्या शब्दाला वजन येईल.

---

सनद

वकिली करते, म्हणून कायद्यापुरतं लिहिते.

महाराष्ट्र या बाबतीत कधीकाळी देशाच्या पुढे होता. संसदेचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा. आपल्या विधिमंडळाने १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला होता आणि १९७० मध्ये राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. कायद्याची उणीव आपल्याला कधीच नव्हती.

१९७४ च्या कायद्याचं कलम २५ पोटकलम ६ वाचा. सांडपाणी सोडण्याच्या प्रत्येक संमतीत घातलेल्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते, आणि त्या सांडपाण्याची झळ बसणाऱ्या कुणालाही ती कामाच्या वेळेत पाहता येते. रंकाळावेसताई, तुम्ही वही म्हणालात. कायद्यातही वहीच आहे. इतक्या वर्षांत ती बघायला मागणारे फार थोडे भेटले.

घाटावरून बाटली भरून आणायची आणि ती पुरावा म्हणून पुढे करायची, असं बरेच कार्यकर्ते करतात. न्यायालयात त्या बाटलीचा टिकाव लागणं अवघड. कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन, समोर नमुना घेऊन, दोन भाग करून, सील लावून पाठवायचा असतो. म्हणून बाटली भरण्याऐवजी त्याच दिवशी लेखी अर्ज द्या की अमुक ठिकाणी, अमुक वेळी कायदेशीर नमुना घ्या. न घेतल्यास कलम ४९ प्रमाणे ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला स्वतः फौजदारी तक्रार करता येते.

महापालिकेपुरतं सांगायचं तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ खाली आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महासभेपुढे ठेवायचा असतो. तुमचे आकडे त्या अहवालात महिनावार यावेत, असा ठराव आपापल्या नगरसेवकाकडून मांडून घ्या. यासाठी नवा कायदा लागत नाही.

पण एक धडा मनात ठेवा. २००० साली राज्याने नदी नियंत्रण क्षेत्र धोरण आणलं. नद्यांचे वर्ग पाडून कुठल्या नदीपासून किती अंतरावर कुठला उद्योग चालेल हे ठरवलं. २००९ मध्ये ते सुधारलं आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द केलं. पंधरा वर्षांचं धोरण एका निर्णयात पुसलं गेलं, कारण ते विधिमंडळाने केलेला कायदा नव्हतं. कुठलीही मागणी करताना शेवटी तिला कायद्यात जागा मागा.

---

भीमातीर

पंचगंगेच्या धाग्यावर सोलापूरकराने लिहावं की नाही, असा विचार करत होतो. पण आमची गोष्ट तीच आहे, फक्त अंतर लांब.

पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. वारीला चंद्रभागेत जे पाणी सोडतात तेही उजनीचंच. आषाढीला अंघोळ करणारी माझी आई ते तीर्थ म्हणून तोंडात घेते. मी तिला कधी अडवलं नाही, अडवणारही नाही. हिशेब मी वरच्यांकडे मागणार.

मुळा-मुठेच्या शुद्धीकरणाचा प्रकल्प केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजूर केला: ९९० कोटी रुपये, ११ केंद्रं, रोज ३९.६ कोटी लिटर क्षमता. भूमिपूजन ६ मार्च २०२२ ला झालं. मंजुरी ते भूमिपूजन सहा वर्षं. त्या सहा वर्षांत उजनीत किती पाणी आलं असेल याचा विचार केला की झोप उडते. धोरण म्हणून मी एवढंच मागतो की खालच्या शहराला वरच्या शहराच्या कामाचा तिमाही अहवाल मिळण्याचा हक्क असावा. सोलापूरच्या महासभेत पुण्याच्या केंद्रांचे आकडे वाचले गेले पाहिजेत, आणि शिरोळच्या पंचायत समितीत कोल्हापूर-इचलकरंजीचे.

---

सिंहगडरस्ता

पुणेकर म्हणून भीमातीर यांचं म्हणणं मान्य. घाण पाण्याची किंमत फक्त खालच्यांना द्यावी लागते असं मात्र समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएस (गुइलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. धडधाकट माणसाचे पाय दोन दिवसांत लुळे पडत होते. परिसरात २०० हून जास्त संशयित रुग्ण झाले, काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. आमच्या सोसायटीत त्या महिन्यात प्रत्येक घरी पाणी उकळत होतं. विहिरीत क्लोरीन किती, हा प्रश्न त्याआधी मी कधी कुणाला विचारला नव्हता. सोसायटीच्या फलकावर आता दर सोमवारी टाकीतल्या क्लोरीनचं माप लिहितो. वहीची सुरुवात घरापासूनही करता येते.

---

पोल्डर

मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथली परिस्थिती वेगळी, तरी एक गोष्ट सांगण्यासारखी. इथे पाण्यासाठी वेगळी लोकनियुक्त मंडळं आहेत, देशभरात २१. त्यांच्या हद्दी पाण्याच्या वाहण्याप्रमाणे पडल्या आहेत, महापालिकेच्या सीमेप्रमाणे नाहीत. दर चार वर्षांनी निवडणूक होते, मागची मार्च २०२३ मध्ये झाली. त्यांचा कर वेगळा, आणि त्यात सांडपाणी शुद्ध करण्याचा आकार वेगळा दाखवतात. बिल हातात पडलं की आपण कशाचे पैसे भरतो हे कळतं आणि माणूस प्रश्न विचारतो. पंचगंगेच्या खोऱ्याला असं एक मंडळ असतं, तर काळीमाती आणि रंकाळावेस एकाच उमेदवाराला मत देऊ शकले असते.

---

काळीमाती

ह्ये मनाला पटलं. पर त्ये यायला आमची नातवंडं म्हातारी हुतील. गावानं आत्ता काय करायचं, त्ये सांगा. आमचं गावबी काय धुतल्या तांदळाचं न्हाई. आमची गटारं ओढ्याला आनि ओढा नदीला.

---

रंकाळावेस

दादा, तुम्ही आपणहून हे लिहिलंत, मला फार बरं वाटलं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित ठेवला: निम्मा पिण्याच्या पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. गटाराचं पाणी ओढ्यात जायच्या आधी स्थिरीकरण तळं, म्हणजे सांडपाणी साठवून शुद्ध होऊ देणारं तळं, घराघरांत शोषखड्डे, हे सगळं त्यात बसतं. "आमचं गाव, आमचा विकास" आराखड्यात ते काम लिहिलेलं आहे का आणि खर्च कुठे झाला, ते ग्रामसेवकांकडून आधी बघून घ्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. विषय तिथूनच येऊ द्या. पाण्याचा त्रास त्यांना जास्त ठाऊक.

सगळ्यांचं वाचून माझी मागणी बदलली. ठरावाचा मसुदा असा केला आहे:

"पंचगंगा नदीच्या पाण्यावर ग्रामस्थांची शेती, जनावरे व आरोग्य अवलंबून असल्याने ही सभा मागणी करते की नदीकाठच्या प्रत्येक शहरी व सामायिक शुद्धीकरण केंद्राने आलेले पाणी, शुद्ध केलेले पाणी, शुद्ध न करता सोडलेले पाणी, पंप व ब्लोअर बंद राहिल्याचे तास आणि नदीतील विरघळलेला प्राणवायू यांची दैनिक नोंद जाहीर करावी, व तिची प्रत दरमहा या ग्रामपंचायतीस पाठवावी. प्राणवायू मानकाखाली गेल्यास त्याच दिवशी कळवावे. ग्रामपंचायत स्वतःच्या गटाराचे पाणी शुद्ध करण्याचे काम चालू आराखड्यात घेत असून त्याची नोंदही दरमहा चावडीवर लावील."

सनदताई, भाषा तपासून द्याल का?

---

सनद

तपासली. "मागणी करते" नंतर कलम २५(६) चा उल्लेख घाला, म्हणजे ही विनंती नसून हक्क आहे हे कळेल. शेवटचं वाक्य काढू नका. तुम्ही स्वतःची वहीसुद्धा उघडी करताय, त्याने ठरावाला जोर येतो. प्रती मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, जिल्हाधिकारी आणि दोन्ही महापालिकांच्या आयुक्तांना.

---

काळीमाती

म्हैला सभेत वाचून दावला. आमच्या शेजारच्या आक्का म्हणाल्या, म्हयन्याला कागद नगं, कागद कपाटात जातोय. जवा पंप बंद पडंल तवा सरपंचाच्या मोबाइलवर सांगाय पायजे, म्हंजी आमी त्या दिवशी जनावरं नदीवर सोडणार न्हाई. त्ये वाक्य घातलं. ग्रामसभेत हात वर झालं, ठराव मंजूर. सोमवारी चार प्रती घिऊन निगालोय.

---

रंकाळावेस

आक्कांना माझा नमस्कार सांगा. प्रत्येक प्रतीवर पोहोचेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. क्रमांक इथे टाका. पुढच्या रविवारी घाट झाडून झाला की आम्ही आमच्या प्रभागाचा अर्ज घेऊन जातोय, त्यात तुमच्या ठरावाचा क्रमांक लिहायचा आहे.